भाजणीचा भाव आणि पाहुणे उद्योजक : इंदूरच्या एका अकरावीच्या वर्गाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण 2023 च्या जुलै ते नोव्हेंबर या काळातले आहे. इंदूरच्या पश्चिम भागात मराठी मंडळींच्या संस्थेची एक अनुदानित शाळा आहे. तिथल्या अकरावी वाणिज्यच्या वर्गात 36 मुलंमुली होती. घरी मराठी, मैदानावर हिंदी आणि वहीत दोन्ही, असा हा वर्ग. ओळख पटू नये म्हणून शाळेचे आणि पाहुण्यांचे नाव दिलेले नाही.

बहुतेकांचे पालक नोकरदार. बँक, विमा, शाळा, पीथमपूरचा एखादा कारखाना. सियागंजचा घाऊक बाजार घरापासून काही किलोमीटरवर असूनही पावती, परतीचा माल, उधारीची वही या गोष्टी मुलांनी जवळून पाहिलेल्या नव्हत्या. पुस्तकात ‘व्यवसायाची उद्दिष्टे’ पाठ झालेली होती. म्हणून वर्गशिक्षिकेने संस्थेच्या माजी विद्यार्थी मंडळाला विचारले, की शहरातले उद्योजक वर्गात आणता येतील का. मंडळाने आठवड्याभरात नावे दिली. खरे सांगायचे तर पाहुणे मिळणे ही इंदुरात अडचण कधीच नसते. शाळेने बोलावले की माणूस येतो, वेळेआधी येतो आणि सोबत पेढेही आणतो.

अडचण

जुलै-ऑगस्टमध्ये तीन व्याख्याने झाली. पहिले पाहुणे सांवेर रोडच्या औद्योगिक भागात नमकीनचा कारखाना चालवणारे. त्यांनी वडिलांच्या हातगाडीपासूनची कथा सांगितली. चाळीस मिनिटे मुले ऐकत होती, टाळ्याही मनापासून वाजल्या. प्रश्न आले दोन : ‘तुमची पहिली कमाई किती?’ आणि ‘यशाचं रहस्य काय?’ दुसरे एक तरुण सॉफ्टवेअरवाले. ते गुंतवणूकदार, हिस्सेदारी, मूल्यांकन यांवर बोलले. मुलांनी शब्द लिहून घेतले, पण त्यांतला एकही शब्द त्यांना पुढची पाच वर्षे लागणार नव्हता. तिसऱ्या पाहुण्यांनी शेवटी स्वतःच्या कोचिंग क्लासची सवलतीची कुपने वाटली आणि मुलांचे फोन नंबर लिहून घ्यायला कागद फिरवला. शिक्षिकेने तो कागद अर्ध्या वर्गातून परत घेतला.

ऑगस्टअखेर तिने पाच प्रश्नांची छोटी चाचणी घेतली. त्यातला एक प्रश्न असा : सामानाचे दर, दळणावळ आणि पाकिटाची किंमत दिली आहे, 500 ग्रॅमच्या एका पाकिटाचा खर्च काढा. 36 पैकी 4 जणांचे उत्तर बरोबर आले. तीन उद्योजक ऐकून झाल्यानंतरची ही स्थिती.

यात पाहुण्यांचा दोष फारसा नव्हता. ‘मुलांशी बोला’ असे सांगितले की माणूस आपली कथा सांगतो, आणि कथा नेहमी शेवटाकडून सांगितली जाते. कुठे अडलो, त्या दिवशी हातात किती पैसे होते, कोणते दोन मार्ग समोर होते आणि कोणता नाकारला, हे त्यात गळून जाते. शिकण्यासारखे नेमके तेच असते.

समोरचे पर्याय

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शिक्षिका, माजी विद्यार्थी मंडळाचे खजिनदार आणि मुख्याध्यापक बसले. चार पर्याय निघाले.

पहिला, व्याख्यानाऐवजी मुलाखत. मुलांनी आधी प्रश्न तयार करायचे. खर्च शून्य, पण तयार प्रश्नांना तयार उत्तरेच येतात.

दुसरा, कारखान्याची भेट. बस, पालकांची संमतिपत्रे, एक पूर्ण दिवस. तळणीची कढई आणि पॅकिंग मशीन बघून मुले खूश होतात, परंतु मशीन हिशेब सांगत नाही.

तिसरा, व्यवसाय आराखड्यांची स्पर्धा, पाहुणे परीक्षक. मुख्याध्यापकांना हा आवडला होता, कारण पालकांना बोलावता येते आणि फोटो चांगले येतात. शिक्षिकेचा आक्षेप असा की अशा स्पर्धेत सुंदर स्लाइड जिंकते. ‘पहिल्या वर्षी 10,000 ग्राहक’ असे लिहिणाऱ्याला त्यातला एकही ग्राहक शोधावा लागत नाही.

चौथा, दिवाळीत खरोखरचा छोटा व्यवहार करायचा आणि जिथे निर्णय घ्यायचा तिथेच पाहुणा बोलवायचा. यात पैसा बुडू शकतो, अन्नपदार्थ असेल तर परवान्याचा प्रश्न येतो, आणि मुले अल्पवयीन आहेत. शेवटी हाच निवडला, दोन अटींवर. तोटा झाल्यास 5,000 रुपयांपर्यंत शाळेचा उपक्रम निधी सोसेल, त्यापुढे जाण्याची वेळ येईल असा व्यवहार करायचा नाही. आणि पाहुण्यासोबत वर्गात शिक्षक सतत हजर. फोन नंबरची देवाणघेवाण नाही, जाहिरात नाही.

पाहुण्यांना काय दिले

प्रत्येक पाहुण्याला चार दिवस आधी एक पानाचा कागद गेला. त्यावर वर्गाचा एकच प्रश्न, मुलांनी केलेला हिशेब जसाच्या तसा (चुकांसकट), आणि वेळेची वाटणी : 5 मिनिटे ओळख, 25 मिनिटे मुलांच्या कागदावर काम, शेवटची 10 मिनिटे मुलांचा निर्णय, तेव्हा पाहुण्यांनी गप्प बसायचे. सोबत एक विनंती : दुकानातली किंवा कारखान्यातली एक खरी वस्तू आणा. बिल, दरपत्रक, परत आलेला माल, काहीही.

ही विनंती फार कामाची ठरली. नमकीनवाल्या पाहुण्यांनी सील उघडलेले शेवेचे एक पाकीट आणि परतीच्या मालाची नोंदवही आणली. जुलैमध्ये चाळीस मिनिटांत जे झाले नव्हते ते त्या वहीच्या एका पानावर झाले. कोणत्या दुकानातून, कोणत्या तारखेला, किती पाकिटे, कारण ‘नरम’. मुलांचे प्रश्न थांबेनात. नरम माल तुम्ही काय करता? दुकानदार खोटं सांगत असेल तर? माणूस तोच होता, फक्त आता त्यांच्यापुढे काम होते.

पहिला निर्णय : विकायचे काय

मुलांचा पहिला कल शेवेकडे. नमकीनवाल्यांनी विचारले, ‘या शहरात शेव विकायला माझी हिंमत होत नाही, तुमची कशी होते?’ इंदुरात गल्लीगल्लीत ताजी शेव मिळते. किलोचा भाव आणि चव, दोन्हींत शाळकरी मुले मागे पडणार. आकाशकंदिलाचाही विचार झाला, पण बाजारात तयार कंदील मुलांच्या कागदाच्या खर्चाहून स्वस्त मिळत होते.

मग एका मुलीने चकलीची भाजणी सुचवली. नमकीनच्या दुकानांत ती सहसा मिळत नाही. मराठी घरांत ती लागतेच, आणि नोकरी करणाऱ्या बायकांना धान्य धुऊन, वाळवून, वेगवेगळे भाजायला वेळ नसतो. शिवाय पीठ तेलकट नाही, म्हणून ते तळलेल्या पदार्थासारखे लवकर खवट होत नाही.

मागणी तपासताना पहिली पाहणी फुकट गेली. मुलांनी 24 घरी विचारले, ‘भाजणी घ्याल का?’ चोवीसही घरांनी हो म्हटले. शेजारचे पोर दारात आले की कोण नाही म्हणतो? पॅकिंगचे साहित्य विकणारे एक पाहुणे वर्गात आले होते, त्यांनी प्रश्न बदलून दिला : ‘आज 50 रुपये आगाऊ द्याल का?’ मग मुले 60 घरी गेली. 29 घरांनी पैसे दिले, 38 पाकिटांसाठी. खरी मागणी एवढी होती, आणि 120 पाकिटांच्या पुढे न जाण्याचा निर्णय याच आकड्यावरून झाला.

आगाऊचे 1,900 रुपये एका वेगळ्या लिफाफ्यात ठेवले. दोन मुलांना ते लगेच खरेदीत वापरायचे होते. खजिनदारांनी एवढेच विचारले की माल झालाच नाही तर हे पैसे कोणाचे. लिफाफा बंद राहिला.

दुसरा निर्णय : परवाना कोणाचा

कितीही लहान प्रमाणावर अन्नपदार्थ विकायचा तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. त्या वेळच्या नियमाप्रमाणे वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्याला साधी नोंदणी पुरत होती, वर्षाची फी 100 रुपये. शंभर रुपयेच आहेत तर शाळेच्या नावाने घेऊ, असे मुलांचे म्हणणे. अडचण पैशांची नव्हती. नोंदणी जागेशी बांधलेली असते, आणि शाळेत स्वयंपाकघर नव्हते.

मार्ग पाहुण्यांतूनच निघाला. मंडळाच्या यादीत गृहउद्योग चालवणाऱ्या एक काकू होत्या. त्यांची नोंदणी होती, भाजणी त्या वर्षानुवर्षे करत होत्या. माल त्यांनी त्यांच्या जागेत करायचा, पाकिटे तिथेच भरायची, लेबलवर उत्पादक म्हणून त्यांचे नाव आणि 14 अंकी क्रमांक. भाव ठरवणे, लेबल, मागणी, विक्री, वसुली हे मुलांचे.

पण यात पाहुणीच पुरवठादार झाली. याकडे दुर्लक्ष केले असते तर पालकांनी पुढे बोट दाखवले असते, आणि ते रास्त असते. म्हणून दोन गोष्टी केल्या. काकूंना या व्यवहारात पैसे मिळणार आहेत हे पालकांना लेखी कळवले, आणि आणखी एका भाजणीवालीकडून दर मागवला. तो किलोला 165 रुपये आला, तयार माल आपणच जाऊन आणायचा.

तिसरा निर्णय : खर्च आणि भाव

मुलांचा पहिला हिशेब 10 किलो धान्याचा होता : तांदूळ 5 किलो, चणाडाळ अडीच, उडीदडाळ 1, मूगडाळ अर्धा, जाडे पोहे अर्धा, धने पाव आणि जिरे पाव किलो. एकूण सामान 730 रुपये. दहाने भागून किलोला 73, म्हणजे अर्ध्या किलोच्या पाकिटाला साडेछत्तीस. विक्री 60 रुपयांना, नफा साडेतेवीस. वर्ग आनंदात होता.

काकू हा कागद घेऊन वर्गात बसल्या आणि एकेका ओळीवर बोट ठेवत गेल्या.

‘जिरे 300 रुपये किलो? कोणी सांगितलं?’

आईने सांगितले होते. आईला आदल्या वर्षीचा भाव आठवत होता. 2023 मध्ये जिऱ्याने विक्रम केला होता. मुलांना सियागंजात पाठवले, तिथल्या दुकानांत भाव 700 च्या आसपास निघाला. पाव किलो जिरे 75 रुपयांवरून 175 वर गेले आणि सामान 830 झाले.

‘भाजायला गॅस?’ 50 रुपये. ‘चक्कीवाला?’ किलोला 6, म्हणजे 60. ‘आणि मी तीन तास उभी राहते त्याचं काय? घरचीच बाई आहे म्हणून फुकट?’ ताशी 70 धरून 210. एकूण 1,150 रुपये.

मग खरा धक्का. 10 किलो धान्याचे 10 किलो पीठ होत नाही. भाजताना ओल उडते, चक्कीत थोडे अडकते, चाळणीत थोडे राहते. काकूंच्या वहीप्रमाणे हातात 9.3 किलो येते. 1,150 भागिले 9.3, म्हणजे किलोला जवळजवळ 124 रुपये. 73 आणि 124. साठ रुपयांना पाकीट विकले असते तर पाकिटाची पिशवीसुद्धा खिशातून गेली असती.

घट हा शब्द पुस्तकात ‘सामान्य क्षय’ म्हणून येतो आणि परीक्षेत तो नेहमी टक्क्यांत दिलेला असतो. इथे तो कोणी दिलेला नव्हता, वजनकाट्यावर काढावा लागला.

त्यानंतर घासाघीस. काकूंनी किलोला 150 सांगितले. हिशेब गटातला मुलगा चटकन म्हणाला, ‘काकू, तुम्ही म्हणाल तसं.’

‘बरं, मग दोनशे.’

वर्ग गप्प.

‘आता का गप्प? मी म्हणेन तसं ना? माझ्याशी बोलायला लाजता, सियागंजात काय कराल?’

मग एकीने धीर करून 120 म्हटले. काकूंनी फळ्यावरचे 124 दाखवले. खर्चाच्या खाली भाव मागणे म्हणजे समोरच्याचा कागद न वाचणे, हे तिथल्या तिथे कळले. मुलांनी पाच मिनिटे आपसात बोलून देण्यासारखे काय आहे ते शोधले : 60 किलोची एकत्र मागणी, निम्मे पैसे आगाऊ, पाकिटे भरायला मुलांचे हात, आणि काकूंची स्वतःची दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आत माल उचलणे. 140 ला सौदा झाला. सीलबंद उरलेल्यांपैकी 10 पाकिटांपर्यंतची भाजणी किलोला 120 ने परत घेईन, हेही काकूंनी लिहून दिले. त्यांना स्वतःच्या चकल्यांना पीठ लागणारच होते.

विक्रीचा भाव 110 ठरला. बाजारात तशी पाकिटे 90 ते 130 ला दिसली होती. पाकिटामागे माल 70, पाउच 5 आणि लेबल 2, असा थेट खर्च 77.

भांडवलासाठी प्रत्येक मुलाकडून 300 रुपये घ्यायची सूचना आली होती. ती शिक्षिकेने नाकारली. वर्गात काहींना 300 रुपये मागणेच अवघड होते. नमकीनवाल्यांनी देणगी देऊ केली. तीही घेतली नाही, कारण देणगीच्या पैशाला परतफेडीची तारीख नसते. माजी विद्यार्थी मंडळाने 11,000 रुपये दरमहा 1 टक्क्याने कर्ज दिले, एका महिन्यासाठी, कागदावर.

प्रत्यक्ष काम आणि काय बिघडले

लेबल. पहिल्या मसुद्यात मुलांनी ‘100% शुद्ध’ आणि ‘मधुमेहींसाठी उत्तम’ लिहिले होते. दुसरा दावा कुठल्या आधारावर, असे पॅकिंगवाल्यांनी विचारताच दोन्ही गेले. जे लागते ते मात्र राहून गेले होते : घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे, शाकाहाराची हिरवी खूण, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरावे, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क आणि प्रतिग्रॅम दर (इथे 0.22 रुपये). गव्हाची कणीही चालत नाही अशा माणसासाठी ‘गहू दळल्या जाणाऱ्या चक्कीत दळलेले’ ही ओळ काकूंनी घालायला लावली. दोनदा बदल झाल्याने छपाई चार दिवस लांबली.

पाउचच्या बिलावर जीएसटी होता. तो आपल्याला परत मिळेल असे समजून एका गटाने खर्चातून वजा केला. काकूंची उलाढाल जीएसटी नोंदणीच्या 40 लाखांच्या मर्यादेच्या खूप खाली, म्हणून त्यांची नोंदणी नाही, आणि वर्गाचीही नाही. म्हणजे भरलेला कर हा सरळ खर्चच.

पाकिटे भरणे. चक्कीवरून आलेले पीठ गरम असते. तसेच भरले तर पाउचच्या आत वाफ धरते, गुठळ्या होतात आणि पीठ लवकर बिघडते. काकूंनी ते स्वच्छ कापडावर पसरून पूर्ण थंड करून घेतले. चक्कीवाल्याकडेही आधी गहू दळलेला असल्याने पहिले अर्धा किलो पीठ त्यांनी बाजूला काढले. मुले सहा-सहाच्या दोन तुकड्यांत, डोक्याला टोप्या लावून आली.

पहिली 20 पाकिटे भरून झाल्यावर नमकीनवाले बघायला आले. त्यांनी एक पाकीट काट्यावर ठेवले : बरोबर 500. मग रिकामा पाउच ठेवला : 9 ग्रॅम. आत पीठ 491. मुलांनी काटा शून्यावर न आणता पाकिटासकट वजन केले होते. वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे वजनमापांच्या, नियमांत एखाद्या पाकिटाला थोडी सूट असते, पण पाकिटांची सरासरी छापील वजनाहून कमी चालत नाही, आणि इथे तर सगळीच कमी, असे त्यांनी शांतपणे सांगितले. वीसही पाकिटे उघडली. त्यानंतर भीतीने मुलांचा हात सैल झाला, बहुतेक पाकिटांत 505 ते 510 ग्रॅम पडले. त्यामुळे 60 किलोची 120 ऐवजी 118 पाकिटे झाली. त्यातले एक पाकीट, तक्रार आली तर ताडून पाहायला, राखून ठेवले. विक्रीला 117.

विक्री. मूळ बेत 28 ऑक्टोबरचा, कोजागिरीच्या शनिवारचा होता. लेबल उशिरा आले, आणि विधानसभा निवडणुकीच्या (मतदान 17 नोव्हेंबर) प्रशिक्षणासाठी शिक्षिकेला नेमक्या भरणीच्या दिवसांत बोलावणे आले. विक्री 4 आणि 5 नोव्हेंबरवर गेली, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या शनिवार-रविवारवर. तोवर बऱ्याच घरांत भाजणी दळून झालेली होती.

टेबलावर चवीला दोन किलो चकल्या ठेवल्या, त्याही काकूंच्या स्वयंपाकघरातल्या. त्यांचे 800 रुपये लागले. ते वाया गेले म्हणता येत नाही, कारण ज्यांनी चकली तोंडात टाकली त्यांतले बरेच पाकीट घेऊनच हलले. प्लास्टिकची पिशवी ठेवली नव्हती. इंदूर महापालिकेच्या दंडाची मुलांना पुरती कल्पना होती.

‘उधारी नाही’ अशी पाटी वर्गाने मतदान घेऊन लावली होती. ती शनिवारी दुपारपर्यंत टिकली. पहिली उधारी संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी केली, त्यांच्या मागे चार शिक्षकांनी. सोळा वर्षांचा मुलगा त्यांना पाटी कशी दाखवणार? 13 पाकिटे वहीवर गेली.

यूपीआयसाठी शिक्षिकेचा वैयक्तिक क्यूआर वापरायचा नाही, मंडळाच्या खात्याचा वापरायचा, हा निर्णय बरोबर होता. पण पैसे आल्याचा संदेश खजिनदारांच्या फोनवर यायचा आणि ते पहिल्या तासात आले नव्हते. मुलांनी स्क्रीनशॉट पाहून माल दिला. संध्याकाळी ताळा केला तेव्हा एक व्यवहार खात्यात नव्हता.

रविवारी संध्याकाळी 15 पाकिटे उरली. नमकीनवाले म्हणाले, ‘सगळी मला द्या, कारखान्यात वाटतो.’ मुलांना सुटल्यासारखे झाले. शिक्षिकेने निर्णय वर्गावर सोडला, तेव्हा हिशेब गटातल्या एकीने विरोध केला : हे विकले गेले असे लिहायचे, तर आपण जास्त माल केला हे वहीत कुठे दिसणार? बारा विरुद्ध दहा मतांनी पाहुण्यांना नाही म्हटले, बाकीचे घरी गेले होते. 10 पाकिटे करारानुसार काकूंनी परत घेतली, 5 शिक्षकांच्या खोलीत 95 ने गेली, यावेळी रोख.

परिणाम

38 पाकिटे आगाऊ मागणीची, शनिवारी 31, रविवारी 33, एकूण 102. त्यांतल्या एका उधारीचे आणि एका यूपीआयचे पैसे आलेच नाहीत. 100 पाकिटांचे 11,000, काकूंकडून 600, शिक्षकांच्या खोलीतून 475 : जमा 12,075 रुपये.

खर्च : भाजणी 8,400, पाउच 750 (150 नग, कमी मिळत नव्हते), लेबल 300, चकल्या 800, टेबल-वाहतूक 350, व्याज 110. एकूण 10,710. नफा 1,365 रुपये. बेतातला नफा 2,490 होता. कर्ज व्याजासह मुदतीत फिटले. नफा पुढच्या वर्गाच्या भांडवलात ठेवायचा हे आधीच ठरले होते.

शेवटच्या बैठकीत पॅकिंगवाल्यांनी एकच आकडा मागितला, मुलांचे तास. वहीत 168 तास निघाले. ताशी 8 रुपये आणि काही पैसे. ‘काकूंच्या तासाला सत्तर लावले, तुमच्या तासाला कोणी लावले नाहीत,’ ते म्हणाले. नफ्याची रेष तिथे पुन्हा आखली गेली, खूप खाली.

नोव्हेंबरअखेर तसाच खर्चाचा प्रश्न बदललेल्या आकड्यांनी पुन्हा दिला. 36 पैकी 27 बरोबर. चुकलेल्या 9 जणांपैकी 6 प्रचार गटातले होते. ते पोस्टर रंगवत होते तेव्हा काकू फळ्यावर होत्या.

काय वेगळे करता आले असते

गटांची वाटणी हीच मोठी चूक. सहा गट कायम ठेवल्याने जो ज्या गटात तो तेवढेच शिकला. मुली हिशेबात आणि मुलगे विक्रीत, हेही कोणी न ठरवता झाले. पोस्टरला सहा जणांची गरज नव्हती. किमान खर्चाचा तास आणि भावाचा तास पूर्ण वर्गाने केला पाहिजे, आणि त्या दिवशी दुसरे काम ठेवू नये.

तारीख आधी ठरवून मागे मोजत यायला हवे होते. दसऱ्यानंतरचा पहिला शनिवार-रविवार विक्रीचा, त्याच्या तीन दिवस आधी भरणी, त्याआधी आठ दिवस लेबल छापखान्यात. निवडणुकीच्या वर्षी शिक्षकाला बोलावणे येणार हे गृहीत धरून दुसरा प्रभारी आधीच नेमायला हवा होता.

परतीचा करार घेतला ते शहाणपणाचे होते, पण त्यामुळे जोखीम बरीच काकूंवर गेली. पुढच्या वेळी परतीची मर्यादा 10 ऐवजी 5 पाकिटे ठेवली तर मागणीचा अंदाज मुले जास्त काळजीने करतील.

उधारीचा निर्णय मुलांनी घेतला तरी तो पाळायची जबाबदारी मोठ्यांची. संस्थेच्या लोकांना आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनीच कळवायला हवे होते. विक्रीच्या टेबलावर पैसे आल्याचे ऐकवणारे ध्वनियंत्र, किंवा खात्याचा फोन हातात असलेला एक मोठा माणूस, पहिल्या मिनिटापासून लागतो.

पाहुण्यांपैकी सॉफ्टवेअरवाल्यांना दुसऱ्यांदा बोलावलेच नाही. ते बरोबर झाले नाही. आगाऊ मागणीची नोंद मुलांनी तीन वेगवेगळ्या वह्यांत केली होती आणि तीन नावे दोनदा आली; ती एका शीटवर कशी आणायची हे त्यांनी अर्ध्या तासात दाखवले असते. त्यांना विषय दिला होता, काम दिले नव्हते. कुपने वाटणाऱ्या पाहुण्यांना मात्र पुन्हा न बोलावण्यात चूक नाही.

आणि संख्या. 36 मुलांच्या वर्गाला तीन पाहुणे पुरतात, मात्र प्रत्येकाने दोनदा यावे : एकदा निर्णयाच्या आधी, एकदा त्या निर्णयाचे काय झाले हे पाहायला. दुसऱ्या भेटीची तारीख पहिल्या भेटीतच डायरीत लिहून घ्यावी. दिवाळीनंतर लग्नसराई सुरू झाली की नमकीनवाला आणि पॅकिंगवाला, दोघेही फोन उचलत नाहीत.